बिल रसेल : सही न देणारा खेळाडू

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या उत्तरेला रीडिंग नावाचे एक छोटे, नीटनेटके, बहुतेक गोऱ्यांच्याच वस्तीचे गाव आहे. १९६३ साली या गावाने आपल्याकडे राहणाऱ्या एका काळ्या खेळाडूचा जाहीर सत्कार केला. तो दिवस 'बिल रसेल दिन' म्हणून साजरा झाला. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. मैदानावर कुणाला भीक न घालणारा तो पावणेसात फुटांहून उंच माणूस त्या दिवशी हेलावून गेला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे त्याच माणसाने त्याच गावाच्या जरा चांगल्या भागात मोठे घर घ्यायचे ठरवले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी सह्यांचे निवेदन फिरवले. हा इथे नको! सत्काराला चालतो, शेजाराला चालत नाही!

असे का, हा प्रश्न आपल्या वाचकांना पडणार नाही. ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव सांगितले आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे.

रसेल यांची मुलगी कॅरन हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकली. तिने १९८७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात आपल्या लहानपणाविषयी एक लेख लिहिला. घराबाहेरचे कचऱ्याचे डबे रात्री कोणीतरी उलटे करून जायचे. वडिलांनी पोलिसांत तक्रार केली. पोलीस म्हणाले, रॅकून असतील. रॅकून म्हणजे रात्री हिंडणारा, मांजराहून थोडा मोठा एक प्राणी. वडिलांनी शांतपणे विचारले, बंदुकीचा परवाना कुठे मिळतो? त्यानंतर ते रॅकून पुन्हा आले नाहीत! हा भाग वाचताना हसू येते. पुढचा वाचताना येत नाही. घरची मंडळी बाहेरगावी गेली असताना घर फोडले गेले. जिंकलेल्या ढाली-चषकांची मोडतोड झाली, भिंतींवर वंशावरून घाणेरड्या शिव्या लिहिल्या गेल्या. आणि आईवडिलांनी पलंगावरचे पांघरूण काढले तेव्हा खाली विष्ठा होती.

हा माणूस त्या वेळी बोस्टनला ओळीने विजेतेपदे मिळवून देत होता.

बास्केटबॉल आपल्याकडे शाळेच्या मैदानावर दिसतो, तेवढाच. पाच-पाच जणांचे दोन संघ, दहा फूट उंचीवर लोखंडी कडी, त्यातून चेंडू पाडायचा. चेंडू पाडणाऱ्याचे नाव होते. रसेल यांचे मोठेपण चेंडू अडवण्यात होते. दुसरे खेळाडू समोरच्याचा चेंडू हवेत अडवताना तो जोरात प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत. रसेल तोच चेंडू बोटांनी हलकेच आपल्या साथीदाराच्या दिशेने ढकलत. टाळ्या कमी, पण चेंडू आपल्याकडे! अशा अडवलेल्या चेंडूंची नोंदही त्या काळी कोणी ठेवत नसे. १९५६ ते १९६९ या तेरा मोसमांत बोस्टन सेल्टिक्स संघाने अमेरिकेतले सर्वोच्च विजेतेपद अकरा वेळा मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधले सुवर्णपदक त्याआधीचे. पाच वेळा ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. गंमत पाहा, १९५८ साली खेळाडूंनी त्यांना वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडले आणि त्याच वर्षी त्यांचे नाव सर्वोत्तम पाच जणांच्या पहिल्या संघात नव्हते, दुसऱ्या संघात होते.

पण ३१ जुलै २०२२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी रसेल वारले, तेव्हा त्यांच्या मागे फक्त चषक राहिले नाहीत. पुस्तकेही राहिली. 'गो अप फॉर ग्लोरी' हे पहिले, १९६६ सालचे, खेळत असतानाच लिहिलेले. 'सेकंड विंड' हे १९७९ सालचे. त्याच्या नावाखालीच त्यांनी स्वतःला हटवादी मतांचा माणूस म्हणवून घेतले आहे. त्यानंतर २००१ साली 'रसेल रूल्स' आणि २००९ साली आपल्या प्रशिक्षकाच्या मैत्रीवरचे 'रेड अँड मी'. चारही पुस्तके कोणा ना कोणा लेखकाच्या साहाय्याने लिहिलेली. 'सेकंड विंड'चे सहलेखक टेलर ब्रँच यांनी नंतर मार्टिन ल्युथर किंग यांच्या काळाचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. खेळाडूचे आत्मचरित्र म्हटले की सामन्यांची जंत्री आणि आभारप्रदर्शन, अशी आपली समजूत असते. ती घेऊन या पुस्तकांकडे जाऊ नये.

रसेल यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ चा, लुइझियाना राज्यातल्या मन्रो भागातला. दक्षिणेतल्या या राज्यात काळ्यांनी पायरी ओळखून राहावे असा दंडक होता. आई केटी एकदा चांगले कपडे घालून गावात गेली, तर पोलिसाने तिला दरडावले, हा गोऱ्या बाईचा पोशाख आहे, घरी जाऊन काढ! वडील चार्ली कागदी पिशव्यांच्या कारखान्यात कामाला होते. पेट्रोल भरायला गेले तर मागून आलेल्या गोऱ्यांना आधी, यांना नंतर. कंटाळून गाडी काढू लागले तेव्हा पंपावरच्या माणसाने त्यांच्यावर बंदूक रोखली. हे सगळे लहानग्या बिलने पाहिलेले-ऐकलेले. चांगले कपडे घातले म्हणून मार खाल्लेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या घराघरांत आहेत. त्यामुळे ही पाने वाचताना आपण परक्या देशात आहोत असे वाटत नाही.

बिल आठ-नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या ऑक्लंडला आले. कामगारांच्या सरकारी वस्तीत राहू लागले. बिल बारा वर्षांचा असताना आई गेली. मुलांनी कॉलेजात जायचेच, हा तिचा ध्यास होता. वडिलांचा स्वतःचा मालट्रकचा धंदा होता. त्यासाठी घरापासून दूर राहावे लागे. तो सोडून ते मुलांजवळ राहता यावे म्हणून ओतकामाच्या कारखान्यात लागले. पुढे मुलगा मोठा झाला, पैसा आला, तेव्हा तो म्हणाला, आता काम सोडा. चार्ली रसेल यांनी साफ नकार दिला. उमेदीची वर्षे या कारखान्याला दिली, आता थकलेली वर्षेही यांनीच घ्यावीत, असा त्यांचा मिश्किल हिशेब! गिरणीत हाडे झिजवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब लगेच कळेल.

आई गेल्यावर तो मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागला. 'सेकंड विंड'मधली मला सर्वांत मोलाची वाटलेली पाने ही आहेत. तिथे त्याला अमेरिकेच्या इतिहासाच्या एका पुस्तकात असा मजकूर सापडला की, आफ्रिकेत स्वतंत्र राहण्यापेक्षा अमेरिकेत गुलाम म्हणून राहणाऱ्यांचे जीवनमान बरे होते. मुलगा संतापाने थरथरला. गुलामाला दोन वेळा खायला तर मिळत होते ना, मग तक्रार कसली, हा युक्तिवाद आपणही ऐकलेला आहे. फक्त आपल्याला तो वेगळ्या पुस्तकांतून ऐकवला गेला.

पण त्याच ग्रंथालयात त्याला आँरी क्रिस्तोफ भेटला. हैती बेटावरच्या गुलामांनी १७९१ साली बंड केले, नेपोलियनच्या फौजेलाही हरवले आणि १८०४ साली स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. त्या लढ्यातला हा एक सेनानी, पुढे उत्तर हैतीचा राजा झाला. डोंगरमाथ्यावर त्याने बांधलेला प्रचंड किल्ला आजही उभा आहे. क्रिस्तोफ राजा म्हणून कठोर होता. पण ऑक्लंडच्या त्या पोरक्या मुलाला एवढेच पुरेसे होते की एक काळा माणूस मालकापुढे वाकला नाही. शाळेने दिला नव्हता, तो पूर्वज त्याला कपाटात सापडला.

ग्रंथालयातून तो लिओनार्दो, मायकेलअँजेलो यांच्या चित्रांच्या प्रतीही आणायचा. तासन् तास पाहायचा, बारकावे डोळ्यांत साठवायचा आणि आठवणीने काढायला बसायचा. काढलेले चित्र नेहमी फसायचे! मग याचा उपयोग काय? तो नंतर झाला. १९५२ साली शाळा सुटल्यावर निवडक मुलांच्या संघाबरोबर बसने गावोगाव खेळायला जाताना त्याने तीच युक्ती खेळाला लावली. साथीदाराची एखादी सुंदर चाल मनात चित्रासारखी साठवायची, आणि मग त्या चित्रातून त्याला काढून तिथे स्वतःला उभे करायचे. चित्र काढायला जमले नाही, पण चाल जमली. मुले वाचनालयात नुसती बसून असतात अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

तोपर्यंत बिल कोणी मोठा खेळाडू नव्हता. शाळेच्या दुय्यम संघात पंधरा गणवेश आणि हा सोळावा. एक गणवेश दोघांत, आलटून पालटून. सोळा वर्षांचा असताना एके दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यातून चालता चालता त्याच्या मनात आले की मी आहे तसा ठीक आहे, माझ्यात काही खोट नाही. घडले काहीच नाही, कोणी कौतुक केले नाही. पण चाळिशी उलटल्यावर आत्मचरित्र लिहिताना त्यांना हा क्षण चषकांइतकाच महत्त्वाचा वाटला.

पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. १९५५ आणि १९५६ अशी दोन वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. ओक्लाहोमा सिटीच्या हॉटेलांनी काळ्या खेळाडूंना खोल्या नाकारल्या. तेव्हा सगळाच संघ, गोऱ्या मुलांसह, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात राहिला.

व्यावसायिक खेळात आल्यावर अपमानाची रीत बदलली, अपमान तोच. पहिल्या वर्षी सेल्टिक्स संघात ते एकटेच काळे होते. १९५८ साली त्यांनी उघड आरोप केला की संघात काळे किती घ्यायचे याची मालकांनी ठरवलेली अलिखित मर्यादा आहे. त्या काळात असे बोलणे म्हणजे पोटावर पाय पाडून घेणे होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या उपाहारगृहात त्यांच्या दोन काळ्या साथीदारांना खायला देण्यास नकार मिळाला. रसेल आणि संघातले सगळे काळे खेळाडू सामना न खेळताच विमानाने परत गेले. समोरच्या संघातल्या काळ्या खेळाडूंनीही खेळायला नकार दिला. सामना मात्र झाला. दोन्हीकडून फक्त गोरे खेळले!

दुसरी एक हकीकत इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावची. नगराध्यक्षांनी खेळाडूंना सन्मान म्हणून गावाच्या किल्ल्या दिल्या. रात्री जेवायला गेले तर उपाहारगृहाने दार दाखवले. खेळाडू उठले, नगराध्यक्षांचे घर गाठले आणि किल्ल्या परत करून आले.

१९६३ च्या जूनमध्ये मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा त्यांच्या दारातच गोळी घालून खून झाला. मेडगर यांचे भाऊ चार्ल्स यांनी त्यानंतर रसेलना बोलावले, इथे काळ्या-गोऱ्या मुलांचे एकत्र खेळाचे शिबिर घ्या. धमक्या असतानाही रसेल गेले. त्याच वर्षी २८ ऑगस्टच्या वॉशिंग्टन मोर्चात डॉ. किंग यांनी त्यांना व्यासपीठावर बसायला सांगितले होते. त्यांनी ते मानले नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे राबून हा मोर्चा उभा केला त्यांची ती जागा, म्हणून ते खाली लोकांत बसले. आपल्याकडच्या सभांत मंचावर खुर्ची मिळावी म्हणून जी ओढाताण चालते ती पाहिली की या गोष्टीची किंमत कळते.

'गो अप फॉर ग्लोरी' हे या वातावरणातले पुस्तक आहे. छोटे, तापलेले, थेट. आपल्याला आवडून घ्यावे म्हणून त्यात एकही वाक्य लिहिलेले नाही. ज्या १९६६ साली ते निघाले, त्याच वर्षी ऑक्लंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी ह्यूई न्यूटन हेही मूळचे मन्रोचेच, तेही लहानपणी ऑक्लंडला आलेले. त्या पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. रसेल पँथर नव्हते. पण ज्या वस्त्यांतून ती डरकाळी आली, त्याच वस्त्यांतला हा माणूस.

आफ्रिकेला ते १९५९ साली गेले. नंतर लायबेरियात रबराच्या मळ्यात पैसे गुंतवले. मुलीच्या नावात केनियाचे नेते केन्याटा यांचे नाव घातले. आणि मोठ्या मुलाला घरात हाक मारत 'बुद्धा'! त्याचा धर्माशी संबंध नव्हता, ते लाडाचे नाव होते. तरी आपल्याला वाचून बरे वाटतेच.

आता सहीविषयी. साठीच्या दशकात रसेल यांनी चाहत्यांना सह्या देणे बंद केले. हात मिळवू, दोन शब्द बोलू, पण कागदावर नाव खरडून देणार नाही. मी खेळ चांगला खेळावा एवढेच प्रेक्षकांचे माझ्यावर ऋण, बाकी काही नाही, ही त्यांची भूमिका होती. लोक भडकले. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या त्यांच्यावरच्या टिपणात, हा उद्धट काळा माणूस गोऱ्या मुलांना सह्या देत नाही, अशा अर्थाची नोंद निघाली! त्यांनी काळ्या मुलांनाही सही नाकारली होती, हे खात्याच्या लक्षात आले नाही. रोज हजारो माणसे ज्याच्यावर प्रेम असल्याचे सांगतात, आणि ज्याला त्यांच्यातलीच काही माणसे शेजारी नको म्हणतात, त्याला त्या प्रेमाची सही खोटी वाटली तर नवल नाही. तरीही मला वाटते, हात पुढे करून उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराचा यात काय दोष? रसेल यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, पण ते मला पुरेसे पटले नाही.

'सेकंड विंड' तेरा वर्षांनंतरचे. इथे आवाज खाली आला आहे. त्यांचे गडगडाटी हसणे प्रसिद्ध होते, ते या पानांत ऐकू येते. १९६३ च्या एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले होते की बहुतेक गोरे मला आवडत नाहीत आणि हा माझा दोष आहे. त्या दोषाची ते इथे निवांत चिकित्सा करतात. कधीकधी सामना असा रंगायचा की समोरच्या संघाचेही चांगले व्हावे असे मनापासून वाटे, हे ते सांगतात तेव्हा खेळ म्हणजे काय याची वेगळीच ओळख होते. बोस्टनवरची पाने मात्र कडवट आहेत. शहरात वर्णद्वेषाचे जुने-नवे सगळे प्रकार कसे मिळत, याचा ते जणू बाजारभाव सांगतात. ज्या मैदानावर सेल्टिक्स जिंकत, तिथेच बर्फावरच्या हॉकीचा गोऱ्यांचा संघ हरत असे, आणि गर्दी हॉकीला जास्त. विवाहबाह्य संबंधांविषयीही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. ती पाने मला आवडली नाहीत, आणि आपल्या भगिनींनाही आवडणार नाहीत.

१९६५ साली प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन यांना वर्षाला एक लाख डॉलर मिळाले, तेव्हा रसेल यांनी एक लाख एक डॉलर मागितले आणि घेतले. वरच्या एका डॉलरात काय येते? पुढच्या वर्षी प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी आपली जागा त्यांना दिली. ऑरबाख स्वतः ज्यू स्थलांतरिताचे पुत्र. त्यांच्या निवडीमुळे अमेरिकेच्या या व्यावसायिक साखळीला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक मिळाला. पत्रकारांनी विचारले, गोऱ्या खेळाडूंना तुम्ही न्याय द्याल ना? गोऱ्या प्रशिक्षकाला उलटा प्रश्न आजवर कोणी विचारला होता? खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी रसेल यांनी १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदे मिळवली आणि खेळ सोडला.

१९७२ साली सेल्टिक्सने त्यांचा सहा क्रमांक कायमचा निवृत्त केला, तेव्हा त्यांच्या अटीवर तो कार्यक्रम प्रेक्षक आत येण्यापूर्वी, रिकाम्या मैदानात झाला. हजर फक्त जुने साथीदार. बोस्टनशी दिलजमाई व्हायला १९९९ साल उजाडले. मग २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, २०१३ साली बोस्टनमध्ये पुतळा उभा राहिला. २०१७ साली काळ्यांवरील अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या फुटबॉल खेळाडूंवर टीका होत होती. त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांच्या रसेल यांनी तेच पदक गळ्यात घालून, गुडघा टेकून छायाचित्र काढले आणि जगापुढे ठेवले. 'गो अप फॉर ग्लोरी' २०२० साली पुन्हा छापले गेले. इंग्रजी सोपे आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी रात्री जेवणानंतर घरच्यांना थोडे थोडे सांगितले तरी चालेल.

बास्केटबॉलच्या अधिकृत कीर्तिमंदिरात त्यांचे नाव १९७५ सालीच निवडले गेले होते. खेळाडू म्हणून तिथे निवडला गेलेला हा पहिला काळा माणूस. ते समारंभाला गेले नाहीत, मानाची अंगठीही घेतली नाही. ती त्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी, पत्नी आणि मोजक्या जुन्या खेळाडूंसमोर घेतली. माझ्या आधी इथे जे यायला हवे होते ते आलेले नव्हते, असे त्यांनी कारण दिले. १९५० साली या साखळीतल्या संघाने निवडलेले पहिले काळे खेळाडू चक कूपर. त्यांनाही सेल्टिक्सनेच घेतले होते. त्यांचे नाव सप्टेंबर २०१९ मध्ये कीर्तिमंदिरात लागले. कूपर १९८४ सालीच वारले होते. त्यांच्या वतीने बोलायला त्यांचा मुलगा उभा राहिला.